आंधळगावची लाट

सुखदेवभाऊ पाणी पाहायचे ते जमिनीला गाल टेकवून. तळं असो, धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, साचलेलं पाणी असो, की आमच्या वाचनालयासमोरचं डबकं असो. ते आधी गुडघ्यांवर बसायचे, मग कोपरांवर यायचे आणि शेवटी कानाला चिखल लागेल इतके खाली जाऊन एक डोळा मिटायचे. आंधळगावात नवा आलेला माणूस त्यांना तसं पडलेलं पाहून घाबरून धावत जायचा. मग गावातलं कोणीतरी त्याला सांगायचं की काही झालेलं नाही, पेंटर पाणी पाहून राहिले. उभ्याने दिसत नाही का, असं मी त्यांना एकदा विचारलं. सदऱ्याची माती झटकत ते म्हणाले, "उभ्यानं पाह्यलं तं पानी झोपलेलं दिसते, बाई. त्याची उंची पाहाची असन तं आपल्यालेच खाली जावं लागते."

ते पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवत. त्याआधी तुमसरच्या टॉकीजसाठी सिनेमाचे मोठाले बोर्ड रंगवत. फ्लेक्स आल्यावर बोर्ड गेले आणि पडदेही हळूहळू जाऊ लागले. जंगल, महाल, रस्ता, गरिबाचं घर हे चार पडदे त्यांनी आयुष्यात किती वेळा रंगवले असतील ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांच्या पत्नी रुक्माबाई जिभेने तिखट होत्या. घरच्या भिंतीला चुना नाही आणि राजाच्या महालाला सोनं लावून येतात, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सुखदेवभाऊ ऐकून घेत. समुद्राचा पडदा मात्र त्यांना कोणी कधी सांगितला नव्हता, कारण आमच्या नाटकांत समुद्र येतच नाही.

माझा धाकटा भाऊ प्रमोद ऑस्ट्रेलियात इंजिनिअर आहे. घर बदलताना त्याने आपली जुनी पुस्तकं माझ्या वाचनालयाला पाठवली. त्यांत सर्फिंगवरचे, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होण्याच्या खेळावरचे, मोठे सचित्र अंक होते. आंधळगावात हे कोण वाचणार, म्हणून मी ते रद्दीत बाजूला काढले. त्याच दुपारी सुखदेवभाऊ कापडाखाली अंथरायला जुनी वर्तमानपत्रं मागायला आले. त्यांनी रद्दी उचलली आणि वरच्या अंकाचं पान उघडलं. निळ्या पाण्याच्या उतारावर एक माणूस फळीवर वाकून उभा होता. बराच वेळ ते पाहत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, "बैल कुठी गेले?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. धानाची रोपं लावायच्या, म्हणजे रोवणीच्या, आधी बांधीतला चिखल सपाट करायला बैलांमागे लाकडी फळी बांधतात आणि वजनासाठी तिच्यावर माणूस उभा राहतो. तरुणपणी ते लोकांच्या बांध्यांत हे काम करत. फोटोतला माणूसही तेच करतो आहे, फक्त बैल फोटोबाहेर राहिले, असं त्यांना वाटलं होतं. मी हसले. ते हसले नाहीत. चपला काढून ते वाचनालयाच्या फरशीवर उभे राहिले, डावा पाय पुढे, गुडघे वाकलेले. "फळी अटकली तं मानूस तोंडावर पडते. मनून वजन मांगच्या पायावर. हा मानूस शिकलेला आहे." रात्री मी फोनवर प्रमोदला हे सांगितलं. तो म्हणाला, ताई, तेवढं शिकायला माझा एक अख्खा उन्हाळा गेला.

त्यानंतर दुपारी ते रोज येऊ लागले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मी वाचून मराठीत सांगायची आणि ते चित्रांवर बोट ठेवून ऐकायचे. पूर्वी ही लाटांवरची मंडळी स्वतःच कॅमेरा घेऊन सिनेमे काढत, गावोगावच्या शाळांच्या सभागृहांत स्वतःच दाखवत, आणि त्यांची पोस्टरं त्यांच्यातलाच कोणी चित्रं काढणारा मित्र करून देई. मग तीच चित्रं फळ्यांवर गेली, सदऱ्यांवर गेली, गाण्यांच्या तबकड्यांच्या वेष्टनांवर गेली. फळीलासुद्धा कोणीतरी हाताने तासून आकार देई. हे ऐकून ते सरसावून बसले. आपल्या गावातली हरवलेली एखादी आळी सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला. "हे तं आपलेच लोकं होत, बाई. फक्त पान्याजवळ राह्यते."

त्या पोस्टरांतलं कमी रंगांत उभं केलेलं ऊन त्यांना फार आवडलं. तुमसरच्या एका राईस मिलचा बोर्ड तेव्हा त्यांच्याकडे होता. त्यांनी अक्षरं लाटेसारखी कलती केली आणि मागे नारिंगी सूर्याचे आडवे चार पट्टे काढले. शेठनी येऊन पाहिलं आणि सूर्याले गजाआड काहून टाकलं म्हणून विचारलं. तो पान्यात उतरून राहिला, असं सुखदेवभाऊंनी सांगितलं. राईस मिलमध्ये पाणी कुठून आलं, यावर दोघांचं बरंच वाजलं. पण धान घेऊन येणारे ट्रॅक्टरवाले त्या पट्ट्यांवरून मिल लांबूनच ओळखू लागले, तेव्हा शेठनी तो बोर्ड राहू दिला.

एका अंकात लाटेच्या आत गेलेल्या माणसाचं वर्णन होतं. लाट वरून वळते आणि तिच्या पोटात पाण्याची एक खोली तयार होते. फळीवरचा माणूस क्षणभर त्या खोलीतून जातो, आणि तिथे बाहेरचा सगळा आवाज मागे राहतो. एवढा परिच्छेद त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. नंतर ते निघून गेले.

त्या वर्षी आमच्या नाटक मंडळाचे मालक श्रावणभाऊ यांनी नवं नाटक घेतलं होतं. धानपट्ट्यातला एक तरुण जहाजावर कामाला जातो, अशी त्याची गोष्ट. समुद्रासाठी ते नागपूरहून फ्लेक्स छापून आणणार होते. सुखदेवभाऊ पानठेल्यावर चार लोकांदेखत त्यांना म्हणाले, "एक पडदा मले द्या. लोकाईले पानी नाई वाटलं, तं मी ब्रश खाली ठेवतो." हा माणूस एकदा बोलला की मागे फिरत नाही हे श्रावणभाऊंना ठाऊक होतं. त्यांनी होकार दिला.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात मांजरपाट पसरला गेला. रंगात मिसळायला शिजवलेल्या सरसाचा, त्या चिकट खळीचा, वास दहा दिवस गल्लीभर होता. पडदा झाल्यावर श्रावणभाऊ पाहायला आले आणि समुद्र कुठे आहे म्हणून विचारू लागले. पडद्यावर ना जहाज होतं, ना किनारा. चारी बाजूंनी वळत आलेलं हिरवंनिळं पाणी होतं आणि दूर मध्यभागी उजेडाचं एक तोंड. सुखदेवभाऊंनी त्यांना सांगितलं की आपण समुद्रातच बसून आहो.

पहिल्या प्रयोगाला तो पडदा सुटला. पुढे सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी नकळत पाय पोटाशी ओढून घेतले. एकीने आपली पिशवी जमिनीवरून उचलून मांडीवर ठेवली. फ्लेक्सचं नाव पुन्हा निघालं नाही.

मला वाटलं, आता ते समाधानी असतील. ते नव्हते. लोकांना पटलं, पण खरं आहे का ते कोण सांगणार, हे त्यांच्या मनात होतं. त्यांनी मला विचारलं. मी कॉलेजच्या सहलीत समुद्र पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून. मी काय सांगणार? मे महिन्यात प्रमोद गावी आला. पडदा पाहून तो मला हळूच म्हणाला, ताई, हा माणूस आत जाऊन आलाय का? पण पाहताना एका जागी त्याची नजर अडखळली होती, आणि ते सुखदेवभाऊंनी टिपलं. काय राहिलं, असं ते त्याला दोन दिवस विचारत होते. शेवटी प्रमोद म्हणाला, माझ्यासोबत चला, तुम्हीच पाहा. तुमसर रोड स्टेशनवर आम्ही तिघं गाडीत बसलो आणि कोकणातल्या एका लहान गावी उतरलो.

संध्याकाळ होती. प्रमोद तिथली भाड्याची फळी घेऊन पाण्यात गेला. सुखदेवभाऊ ओल्या वाळूत आडवे झाले. पाणी येऊन त्यांचा सदरा भिजवून गेलं तरी ते हलले नाहीत. सूर्य लाटांच्या पाठीमागे उतरला होता. प्रत्येक लाट पडायच्या आधी एक क्षण तिचा काठ आतून उजळे, उन्हाकडे धरलेल्या धानाच्या पात्यासारखा हिरवा. मी पुस्तकांत बरंच वाचलं होतं. हे कुठेच वाचलं नव्हतं. माझे हात आपोआप जोडले गेले. त्यांनाही आनंद झाला असेल असं वाटून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते रडवेले झाले होते.

"मी खोटं रंगवलं, बाई. उजेड पान्यातूनच येते. मी तं सफेदा थापून पान्याची भिंत बांधली."

लोकांना तो पडदा किती आवडला याची मी त्यांना आठवण दिली.

"लोकाईनं पाह्यलं नोहोतं. आता म्या पाह्यलं ना."

परतल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी तो पडदा बैलबंडीत घालून तळ्यावर नेला आणि धुवायला काढला. सरसाचा रंग पाण्यात सुटू लागला. घाटावरचं पाणी आधी पांढरं झालं, मग हिरवं. श्रावणभाऊ धावत आले. पुढच्या मोसमाचे गावोगावचे प्रयोग त्या पडद्यावर ठरले होते. ते जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. रुक्माबाई काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "धुऊ द्या त्याईले. संसार तं कधीच धुतला, आता पडदा धुऊन राहिले." मीही रागावले होते, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या गावात झालेली सगळ्यात सुंदर गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत तळ्यात जात होती. सुखदेवभाऊ गुडघाभर पाण्यात उभे राहून कापड खळबळत होते. ते एवढंच म्हणाले, "जे जाऊन राहिलं ते वरचं होतं."

पडदा वाळला तेव्हा त्यावर फक्त हिरवट डाग उरले होते. त्या डागांवर त्यांनी पातळ, पाण्यासारखे रंग दिले. सफेद्याला, म्हणजे पांढऱ्या रंगाला, हात लावला नाही. उजेड कापडातूनच यावा म्हणून पडद्यामागे दिवे ठेवायचं ठरलं. तोवर त्यांना धाप लागू लागली होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं होतं. ते बसून रंगवत. श्रावणभाऊ अबोला धरून होते, पण दिव्यांच्या वायरी त्यांनीच आणून टाकल्या.

दिव्यांचा उजेड कधी आणि किती चढवायचा हे फक्त सुखदेवभाऊंना कळत होतं. ते काम ते दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. नव्या मोसमाच्या पहिल्या प्रयोगात, नाटकाच्या पहिल्याच अंकात समुद्र आला. पडदा आधी काळा होता. मग दिवे चढत गेले आणि त्या पाण्याचा वरचा काठ आतून पेटला. कोकणात पाहिला होता तोच उजेड आमच्या मोहाडी तालुक्यात एका कापडातून येत होता. तेवढ्यात मागे एका दिव्याची वायर निसटली. ती बसवायला ते उठले आणि दिव्यासमोरून गेले. त्यांची सावली कापडावर पडली. एक बारीक, वाकलेला माणूस, वायर शोधण्यासाठी पुढे केलेला हात, त्या हिरव्या लाटेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. लोकांना वाटलं, नाटकात आहे. माझ्या मागचं कोणीतरी हळूच म्हणालं, "तो पाहा, चालला."

प्रयोगानंतर ते खाली मान घालून बसले होते. आपण लाट नासवली असं त्यांना वाटत होतं. मग त्यांनी मला विचारलं, "खोटं नाई ना वाटलं, बाई?" मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाहीच म्हणाले आणि घरी गेले.

त्या पावसाळ्यात, रोवणी चालू असताना सुखदेवभाऊ वारले.

या मोसमात बपेरा गावी प्रयोग झाला. दिवे श्रावणभाऊंनी सांभाळले. प्रयोग संपल्यावर, आधीच्या प्रयोगाची गोष्ट ऐकलेले गावकरी त्यांच्याकडे आले आणि विचारू लागले की लाटेवरचा तो मानूस काहून नाई आला, आम्ही त्याच्याचसाठी आलो होतो. त्या दिवसापासून प्रत्येक प्रयोगात कोणीतरी दिव्यासमोरून चालत जातं. बहुतेक वेळा श्रावणभाऊ स्वतःच जातात. ते अंगाने जाड आहेत. सावली जाड पडते, तरी लोक गप्प होतात.

परवा ते वाचनालयात आले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्यावर म्हणाले, "एक सांगू का, बाई? मांगून ते लाट दिसतच नाई. नुसता दिवा डोळ्यात जाते. पेंटरले तं कधी दिसलीच नसन."

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. सुखदेवभाऊ मला दोनदा विचारत होते, आणि मी एका शब्दात उत्तर दिलं होतं. समोरून काय दिसलं ते मी सगळं सांगायला हवं होतं. काठ कसा पेटला, माझ्या मागून कोणी काय म्हटलं, त्या लाटेवरून कोण कसं गेलं. म्हणून हे इतकं सावकाश लिहिलं.