परमुलखातली तळी

भरलेलं पातेलं तसंच्या तसं परत आलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत मी वर्षानुवर्षं मेस चालवली. परगावची, परदेशातली कॉलेजची पोरं माझ्या हातचं जेवली. वरण पातळ, पोळी कडक, अशी रोज नावं ठेवायची, पण ताटं चाटूनपुसून उठायची. आणि इथं, आफ्रिकेतल्या टांझानिया देशात, एका उजाड गावच्या शाळेत, मी पहाटे उठून शिजवलेल्या जेवणाकडं लेकरांनी नुसतं बघितलं, मग एकमेकांकडं बघितलं आणि गुपचूप वर्गात निघून गेली. उपाशी! मी पळी हातात धरून तशीच उभी. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला देवाचाच राग आला. "मल्हारी, म्हातारपणी एवढ्या लांब आणून माझं नाक कापायचं होतं का तुला?" असं मी मोठ्यानं म्हणाले. रोझ सोडून तिथं मराठी कळणारं होतं तरी कोण!

ही रोझ म्हणजे माझ्या मेसवर जेवलेली पोरगी. आमच्या शहरात शिकायला आली तेव्हा काडीसारखी होती. जेवायला सगळ्यात शेवटी यायची आणि माझ्यासोबत ओट्यापाशी बसून बोलत बसायची. मला मावशी म्हणायची. मराठी शिकली तीही माझ्याच स्वयंपाकघरात, त्यामुळं "लई" आणि "व्हय" तिच्या तोंडात पक्कं बसलं. परत जाऊन ती आपल्याच गावच्या शाळेची मोठी बाई झाली. एक दिवस तिचा फोन आला, "मावशी, माझी लेकरं उपाशीपोटी येतात. दुपारी बाकावर डोकं ठेवून झोपतात. तुम्ही येऊन चूल लावून द्या ना!" माझे गुडघे दुखत होते, मुलगा म्हणाला, "आई, जरा वयाकडं बघ." पण मेस बंद करून घरात बसल्यापासून मला करमत नव्हतं. मी हो म्हणून टाकलं.

एकच गोष्ट मनाला टोचत होती. आमचं घर साताऱ्यात, म्हणजे आपल्या शहराला लागून असलेल्या सातारा गावात, खंडोबाच्या देवळाजवळ. लग्न होऊन आले तेव्हापासून चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य आणि तळी मी कधी चुकवली नव्हती. ताम्हणात भंडारा, खोबरं, सुपारी ठेवायची, पाच जणांनी मिळून ते ताम्हण उचलायचं आणि येळकोटाचा गजर करायचा, हीच आमची तळी. यंदा चंपाषष्ठी परमुलखात येणार होती. देवाला मागं टाकून चालले, असं वाटत राहिलं. बॅगेत साड्यांच्या घडीत भंडाऱ्याची पुरचुंडी ठेवली आणि निघाले.

तिथं पोचल्यावर मात्र मन रमलं. लेकरं मला "बीबी" म्हणायला लागली. त्यांच्या भाषेत बीबी म्हणजे आजी. अगं बाई! आमच्या गावात बीबी म्हटलं की मकबराच डोळ्यांसमोर येतो. मी रोझला म्हटलं, "जिवंतपणीच मकबऱ्यात घातलं की मला!" ती हसून हसून बेजार झाली. आणि गंमत म्हणजे पुस्तकाला ते किताबु म्हणतात, लेखणीला कलामु, साबणाला साबुनी, दुकानाला दुका. आमच्या मराठवाड्यातल्या माणसाला यात परकं काय वाटणार? आठवडाभरात मी त्या लेकरांवर डाफरायलाही लागले.

त्यात एक आशा. हो, आपल्यासारखंच नाव. पहाटे आजीच्या शेळ्या पाण्यावर न्यायच्या, मग लांबून चालत शाळेत यायचं आणि तिसऱ्या तासाला डुलक्या घ्यायच्या. आईबाप शहरात मजुरीला. आजी म्हणायची, पोरगी शाळेत जाऊन झोपणारच असेल तर शेळ्यांमागं काय वाईट? ही आजी गावातली वजनदार बाई, पालकांच्या बैठकीत तिचा शब्द शेवटचा. तिनंच अट घातली होती. सुट्टी लागेपर्यंत घरोघरचं धान्य शाळेत द्यायचं. लेकरं खाऊन ताजीतवानी दिसली तर चूल राहील, नाहीतर ज्याचं त्यानं धान्य परत न्यायचं. म्हणजे चूल टिकली तर आशा शाळेत, नाहीतर कायमची शेळ्यांमागं. हे मला ठाऊक होतं, आणि तरी चूल पेटवली त्या पहिल्याच दिवशी मी घोळ घातला.

त्यांचं रोजचं खाणं म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला उगाली म्हणतात. मला ते पांढरंफटक दिसणारं जेवण काही बरं वाटेना. रोझ कामासाठी शहरात गेलेली. मी आपल्या अकलेनं त्यात ओंजळभर हळद टाकली, वरून देवाचं नाव घेऊन चिमूटभर भंडारा. म्हटलं, लेकरांच्या पोटाला बरं आणि आशीर्वादही जाईल. पातेलं कसं सोन्यासारखं दिसत होतं! आणि ते सोनं कोणी तोंडात घातलं नाही.

संध्याकाळी रोझ आली, पातेलं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "मावशी, लई गडबड झाली." फार वर्षांपूर्वी तिथं मोठा दुष्काळ पडला होता. तेव्हा बाहेरून पिवळा मका आला. जनावरांचं खाणं माणसाला घातलं, ही सल म्हाताऱ्यांच्या मनात अजून आहे. पिवळी उगाली म्हणजे भिकेचं अन्न. आशाची आजी दुपारी शाळेत येऊन काय ओरडून गेली, तेही मला आत्ता रोझकडून कळलं, "आमच्या नातवंडांना दुष्काळाचं खाणं घालता?" तिनं शुक्रवारी बैठक बोलावली होती आणि आशाला हाताला धरून घरी नेलं होतं.

मला आमची आई आठवली. बहात्तरच्या दुष्काळात परदेशातून ती लाल मिलो ज्वारी आली होती ना, तिच्या भाकरी आई दार लावून करायची. शेजाऱ्यांच्या घरातही तीच शिजायची, पण एकमेकींना दिसू द्यायच्या नाहीत. मी लहान होते, तरी ते लावलेलं दार मला आठवतं. आणि तीच मी, दुसऱ्याच्या दारात जाऊन हे करून बसले! पुढचे दोन दिवस पांढरीशुभ्र उगाली केली, पण लेकरं चुलीकडं फिरकली नाहीत. घरूनच तंबी होती.

तो शुक्रवार म्हणजे चंपाषष्ठी. सकाळी मी देवाला म्हटलं, "बाबा, तुझ्याच भंडाऱ्यानं हे झालंय. आता तूच बघ. माझी अक्कल संपली." ही काही भक्ती नव्हती, वैतागच होता. पण नैवेद्य चुकवायचा नाही म्हणून मी शाळेच्या चुलीपाशी बसले. त्या भागात बाजरी पिकते, ती घरोघरून आली होती. रोडगे झाले असते. पण वांगी? आषाढापासून मी वांगं तोंडात घातलं नव्हतं, चंपाषष्ठीलाच खायचं ही आमची रीत. अन् गावातल्या दोन्ही दुकानांत वांग्याचं नाव नाही.

एवढ्यात रस्त्यावरून एक म्हातारा सायकल ढकलत आला. टायर पंक्चर. मागच्या टोपलीत ताजी काळीभोर वांगी काठोकाठ भरलेली, आणि सायकलीमागं एक पिवळसर कुत्रा. त्यानं खुणेनं पाणी मागितलं. मी तांब्याभर दिलं, आणि माझी नजर टोपलीवर. त्यानं माझ्याकडं बघितलं, हसला आणि टोपलीच चुलीपाशी आणून रिकामी केली. मी पैसे काढले तर हात जोडून नको म्हणाला आणि झाडाखाली निवांत बसला. मी मनात काही आणलं नाही. वांगी भाजायला घेतली.

निखाऱ्यातल्या वांग्यांचा आणि रोडग्यांचा वास सगळ्या आवारात सुटला, तशी लेकरं खिडक्यांतून डोकवायला लागली. बैठकीला लवकर आलेली आशाची आजी नातीला घेऊन फाटकात थबकली. मी देवाच्या नावानं पहिला रोडगा त्या कुत्र्यापुढं ठेवला. आजीनं रोझला विचारलं, "ही बाई आधी कुत्र्याला का जेवू घालते?"

रोझनं मला विचारलं, मी सांगितलं, तिनं त्यांच्या भाषेत केलं. आमचा हा देव धनगरांचा. मेंढरांमागं हिंडणाऱ्या माणसांचा. कुत्रा त्याच्या सोबत असतो, म्हणून आधी त्याचा मान. आजी थोडी पुढं आली. "शेळ्या राखणाऱ्यांचा देव?" मग मला राहवेना. मी रोझला म्हटलं, हिला आमच्या आईचं सांग. त्या लाल भाकरीचं, लावलेल्या दाराचं सांग. आणि सांग की माझं चुकलं, पिवळा रंग आमच्याकडं अपमानाचा नाही, कपाळाला लावायचा असतो. रोझ सांगत होती आणि मला रडू येत होतं. आजी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "माझ्या आईनंही दार लावलं होतं."

तळीला पाच जण लागतात. आमच्याकडं ती पुरुषांनीच उचलायची. इथं कुठून आणू? मी म्हटलं, देवा, जे आहेत ते तुझेच. मी, रोझ, आशा, तिची आजी आणि झाडाखालचा तो म्हातारा. साऱ्यांनी डोक्यावर कापड घेतलं आणि ताम्हणाला हात लावला. "येळकोट येळकोट जय मल्हार!" रोझला ते येत होतंच, आशानं एका दमात उचललं आणि खिडक्यांतली सगळी पोरं ओरडायला लागली. मी भंडारा उधळला. पिवळी धम्मक झालेली आजी आधी शिंकली आणि मग अशी हसली की तिचे उरलेसुरले दात मला दिसले. तिनं रोडगा मोडला, भरीत लावलं, स्वतः खाल्लं आणि दुसरा घास आशाच्या तोंडात घातला. बस्स, बाकीच्यांना बोलवावं लागलं नाही. बैठकीला आलेले पालक रांगेत उभे राहून जेवले. बैठक झालीच नाही.

गडबड ओसरल्यावर मी म्हाताऱ्याला वाढायला गेले तर झाडाखाली कोणी नाही. सायकल नाही, कुत्रा नाही. मी आजीला विचारलं, "तो तुमच्या कुठल्या वाडीचा?" रोझनं विचारून सांगितलं, "मावशी, तिला वाटलं तो तुमच्या ओळखीचा आहे." पुढं मी जिथं गेले तिथं विचारलं, कोणाला माहीत नव्हता. कोणी भला शेतकरीही असेल, पंक्चर काढून गेला असेल. मी वाद घालत नाही. मी आपली आठवण आली की हात जोडते.

मला एवढंच कळलं की मी माझी अक्कल हळदीत घालून शिजवली तेव्हा पातेलं परत आलं, आणि "आता तूच बघ" म्हटलं तेव्हा बघणारा आला. चूल पेटवणं माझ्या हातात. कोणाला जेवायला बसवायचं ते त्याच्या हातात. देवाला मागं टाकून चालले म्हणून मी हळहळत होते, आणि तो माझ्याआधीच तिथं पोचला होता.

घरी परतल्यावर, तिकडची शाळा पुन्हा उघडली त्या दिवशी रोझनं फोटो पाठवला. चुलीशेजारी तेच मोठं पातेलं आडवं पडलंय आणि आशा आत डोकं घालून तळाची खरवड काढतेय. नुसते पाय दिसतात तिचे. मी तशीच उठून देवळात गेले आणि मोबाईल खंडोबासमोर धरला. गुरव म्हणाले, "मावशी, देवाला काय दाखवताय?"

"पातेलं," म्हटलं, "रिकामं."