मामांचं नको

मामांची वाचा गेली ती दोन हजार सालाच्या आसपास. उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर हयात घालवलेला माणूस. यंत्रांच्या खडखडाटावर ओरडून बोलायची सवय. मेंदूत रक्तस्राव झाला आणि डाव्या हाताच्या अंगठ्याखेरीज हातपाय हलेनात. समज मात्र शाबूत होती. मी तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. वर्षभर खटपट करून मी त्यांच्यासाठी मनगटावर बांधायचा एक पट्टा तयार केला. त्यावर चार दिवे आळीपाळीनं पेटायचे. पाहिजे तो दिवा पेटला की अंगठ्याखालचं बटण दाबायचं, मग पट्ट्याला वायरनं जोडलेली डबी माझ्या आवाजात बोलायची: पाणी, दुखतंय, पाहिजे, नको.

चाचणीसाठी मी रोज जेवणाच्या वेळी वही घेऊन बसायची. मामांना गिळायला त्रास होत होता. ठसके असेच लागत राहिले तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मामींनी त्या नळीचा धसकाच घेतला होता.

"नको," डबी बोलली.

"घ्या की वो एवढा," म्हणत मामींनी मऊ भाताचा घास त्यांच्या तोंडात सारला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भूक हाय त्यांस्नी. तुझं बटणच चुकतंय बघ."

एकेकाळी चार भाकरी सहज हाणणारे मामा तीन घासांत नको म्हणतील, हे मलाही पटेना. वहीत मी लिहिलं: चुकीचा दिवा. मग पट्टा आवळला, सैल केला, दिव्यांचा वेग कमी केला, बटण बदललं. मामा आपले त्याच दिव्यावर दाबत राहिले. शेवटी माझंच डोकं फिरलं. "मामा, नीट बघून दाबा की!" मी ओरडले. त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, त्याची अजून लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी डबी लागोपाठ तीनदा "नको" म्हणाली. मामींनी चौथा घास भरवला आणि मामांना जोराचा ठसका लागला. चेहरा काळानिळा पडला. मामी किंचाळल्या. मी मामांना पुढे वाकवून पाठीवर थापा मारल्या, तेव्हा कुठं भात बाहेर आला आणि श्वास सुरू झाला.

"मामा," मी विचारलं, "खरंच नको असेल तर डोळे मिटा."

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

यंत्र पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. पण आमच्याकडं पंगतीत पहिलं नको ऐकतंय कोण? दुसरं, तिसरंही कोणी ऐकत नाही. जेवणारा ताटावर आडवा हात धरतो, तेव्हा कुठं वाढणारी पुढं सरकते. आणि मामांचे हात तर मांडीवर पडून होते. सर्किट मी शंभरदा तपासलं, पण हे एकदाही सुचलं नाही. शिकलीसवरलेली म्हणे!

"मीच कोंबत हुते गं," मामी रडायला लागल्या. त्यांना रडू दिलं आणि मग डबीतलं माझ्या आवाजातलं "नको" पुसून टाकलं. नवं वाक्य मामींनीच बोलायचं ठरलं. पहिल्यांदा त्यांचा आवाज चिरकला. दुसऱ्यांदा मात्र गल्लीभर ऐकू जाईल असा खणखणीत लागला: "ताटावर हात हाय माझा. बास!"

दुसऱ्या दिवशी पाचव्या घासाला मामांचा अंगठा हलला. डबी गरजली. मामींचा हात मध्येच थांबला. सवयीनं "एवढा..." तोंडून निघालंच, पण पुढचं त्यांनी गिळलं आणि घास वाटीत परत ठेवला. माझ्या जिवात जीव आला. त्या दुपारी ठसका लागला नाही. पुढंही नळीची वेळ आली नाही.

तासाभरानं डबी "पाहिजे" म्हणाली. मामी लगबगीनं वाटी घेऊन बसल्या आणि घास उचलण्याआधी त्यांनी मामांच्या अंगठ्याकडे बघितलं.