मिस्त्रीच्या विमानाचा पंख

स्वतःच्या हातचा माल दुकानातून परत मागायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का?

फर्निचरचा कारखाना बंद पडल्यावर मिस्त्रीने घरातच, मुलांनी सुटे भाग जोडून उडवायच्या लाकडी विमानांची खोकी बनवायला घेतली. पहिल्या ऑर्डरच्या घाईत लाकूड पुरतं वाळू दिलं नाही. घरी उरलेलं खोकं उघडलं, तर पंखाला पीळ पडलेला! ऑर्डर देणाऱ्या खेळण्यांच्या दुकानात तो तडक माल परत मागायला गेला.

दुकानदार हसला. "अहो मिस्त्री, त्यात कोण बसून जाणार आहे? माल उचललात, तर पुन्हा माझी पायरी चढू नका."

दुसरं कुणी त्याला दारात उभं करत नव्हतं. तो घुटमळला. तेवढ्यात एक बाई तेच खोकं घेऊन आली. "दुसरं काही सोपं द्या. आमच्या पोरीच्या हाताला वळणच नाही. तीनदा जोडलं, तीनदा नाकावर आपटलं."

"पोरीचा हात चांगला आहे, ताई. लाकूड ओलं होतं. चूक माझी," मिस्त्री म्हणाला आणि त्याने उरलेली सगळी खोकी उचलली.

दुकान तर गेलंच, पण विकलेली अकरा खोकी अजून घराघरांत आहेत. एखादं तुमच्याकडे असेल, तर लेकराला बोल लावू नका. तो पंख तेवढा मिस्त्रीकडून बदलून घ्या.