कुंतानं बर्फात ठेवलेलं औषध

आरमोरीच्या बाजारात कुंताशी मासळीचा भाव करायला गेलेला माणूस हात हलवत परत यायचा. बाई अशी, की जीव गेला तरी स्वतःची चूक कबूल करायची नाही. तिची लेक रिंकू दहाव्या वर्षी एकाएकी वाळली, पाण्याच्या घागरी रिकाम्या करू लागली आणि एक दिवस शाळेतच कोसळली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "रोगजंतू मारणाऱ्या पेशी अंगात पहारा देतात. रिंकूच्या अंगात त्यांनी आपल्याच पेशी मारल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या. आता ते बाहेरून द्यायचं. रोज, जन्मभर."

"म्हंजे तळ्याच्या राखणदारानं घरच्यालेच चोर समजून झोडपलं. त्याले आवरता नाई येत का?"

"तशी औषधं निघताहेत. पण रिंकूच्या त्या पेशी संपत आल्यात. तिला सुईच हवी."

औषध थंड ठेवा पण गोठू देऊ नका, असं त्यांनी बजावलं होतं. पण मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात थंड म्हणजे बर्फ! मासळी बर्फात ताजी राहते, मग औषध का नाही? कुंतानं शिशी मासळीच्या पेटीत, थेट बर्फात खुपसली. औषध गोठलं, त्याचा जोर गेला, आणि सुई देऊनही रिंकू बेशुद्ध पडली.

दवाखान्यात पोरगी वाचली. गावात मात्र बोभाटा झाला, की सुईनंच घात केला. कुंताचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ नथ्थू, यानं पारावर माणसं जमवली.

"सुई बंद. पोरीले वैदूकडे नेतो," तो म्हणाला. माना डोलल्या.

सुई बंद म्हणजे रिंकू गेली, हे कुंताला पक्कं ठाऊक होतं. बर्फाचं गावात तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. गप्प राहिली असती तर तिची अब्रू झाकली गेली असती. शिवाय भासऱ्यासमोर तोंड उघडायची रीत नाही. कुंता पदर सावरून उभी राहिली.

"सुईचा दोष नाई, भाऊ. म्याच औषध बर्फात गोठवलं. चूक माही हाये. तिची सजा पोरीले काऊन?"

नथ्थूनं वैदूचा विषय सोडला. त्या दिवसापासून औषध ओल्या रेतीतल्या मडक्यात राहू लागलं, आणि सुई कधी चुकली नाही.

रिंकू आता सोळाची आहे. परवा ती पोटाला सुई टोचत होती आणि कुंता वाकून पाहत होती.

"सरक ना आई, उजेड अडवून राह्यली तू."

कुंता गुमान सरकली. मग दिवसभर भेटेल त्याला ताठ मानेनं सांगत सुटली, "माह्या पोरीले आता मी लागत नाई."