चिऊ, वाघ्या आणि आप्पांची कांदाचाळ

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेवटचं पाहिलं तेव्हा ते ओट्यावर मांडी घालून चिऊचे केस विंचरत होते. सहा फुटी माणूस, भरघोस मिशा आणि मांडीत ओंजळीएवढी टॉय पॉमेरेनियन कुत्री. "हालू नको गं बये, गुता निघंना," असं तिला दटावत होते. त्याच आठवड्यात माझ्या भावाचा फोन आला... विहिरीवर मोटर चालू करायला गेलेले आप्पा छातीत कळ येऊन तिथंच कोसळले होते.

चिऊ मूळची माझी. दौंडला माझ्या घरमालकांनी कुत्र्याला नाही म्हटलं, म्हणून मी तिला शिरूरकडच्या आमच्या वस्तीवर आणलं. वस्तीच्या चारी बाजूंनी ऊस आणि उसात बिबटे. तिकडं रीतच अशी, की अंधार पडला की कुत्रं गोठ्यापुढं साखळीनं बांधायचं. बिबट्या आला तर कुत्र्यावर भागतं, कालवड वाचते. हे कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण ठाऊक सगळ्यांना असतं. आप्पांचे धाकटे भाऊ सोपानकाका मात्र सरळच म्हणाले, "दादा, हिलाबी वाघ्यासंगं बांधा. कुत्रंच हाय शेवटी."

आप्पांनी चिऊला उचलून घरात नेलं. मग बाहेर येऊन, ओट्यावरून खाली उतरून त्यांनी वाघ्याचीही साखळी सोडली. आमचा हा गावठी कुत्रा जन्मभर तिथंच बांधलेला, त्याला उंबरा ओलांडायचं धाडसच होईना. आई कडाडली, "आवो, देव हायेत घरात!"

"आसूंद्या. एकीला गादी आन् एकाला बिबट्या, ह्ये मला जमायचं न्हाई."

"आन् माझी कालवड गेली म्हंजी?" काका तडकले. त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. आप्पांनी वाद घातला नाही. कारेगावहून वेल्डर बोलावला आणि दोघा भावांच्या गोठ्यांना जाळी मारून घेतली. कांदे साठवायच्या चाळीचा एक कप्पाही जाळीनं बंदिस्त केला, तो चिऊसकट वस्तीवरच्या सगळ्या कुत्र्यांसाठी. दिवस मावळायच्या आत आप्पा स्वतः त्यांना आत घेऊन कडी लावायचे. लोक हसले. चिऊला कडेवर घेऊन आप्पा बाजारात निघाले की कुणीतरी हटकायचंच, "आप्पा, बिबट्याचा नाष्टा घिऊन हिंडताय व्हय?"

"नाष्टा बंद केलाय म्हनावं त्याला," आप्पा म्हणायचे आणि पुढं चालू लागायचे. साखर कारखान्याच्या सभेत टेबल आपटणारा हा माणूस, पण या टिंगलीवर एकदाही चिडला नाही. असा बाप मिळाला याचा मला अभिमान वाटतो, आणि तो सांगताना मी मुळीच संकोचत नाही.

एका पहाटे चाळीभोवती पंजे उमटलेले दिसले. जाळीला चिखल लागलेला. आत सगळी कुत्री जिवंत, गोठ्यात काकांची कालवडही. चिऊनं भुंकून भुंकून घसा बसवून घेतलेला. काकांनी जाळीवरून हात फिरवला आणि चहाला आमच्याकडं थांबले.

आप्पांच्या दहाव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. दिवस मावळला तरी कुत्र्यांची आठवण कुणालाच झाली नाही. ध्यानात आलं तशी मी चाळीकडं धावले. तिथं मुंडन केलेले सोपानकाका वाघ्याला चुचकारून आत घेत होते, दुसऱ्या हातात चिऊ. कडी लावून त्यांनी ती दोनदा ओढून पाहिली.

"आज लई येळ झाला गं," ते म्हणाले. "दादानं येवढा होऊ दिला नसता."