वहिनीचं कटिंगचं टेबल

पाहुणे वर्षातून दोनदा येतात आणि वहिनी रोज असते. एवढी साधी गोष्ट आमच्या घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांना कळली नाही, याची मला अजून तिडीक येते.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. ती पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. कापड मोठं, म्हणून लग्न झाल्यापासून बाहेरच्या खोलीत फरशीवर गुडघे टेकून कापत आली. बेल वाजली की कापड गोळा करायचं, आलेला माणूस गेला की पुन्हा पसरायचं, पुन्हा खुणा जुळवायच्या. गुडघ्यांचा पार भुगा झाला. डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हा कुठे परसातल्या मोकळ्या जागेत तिच्यासाठी खोली बांधायचं ठरलं. मधोमध उभ्यानं कापायचं टेबल, चारही बाजूंनी फिरायला वाट, उजेडाला मोठी खिडकी. बाकी तिनं काही मागितलं नव्हतं.

तिथे माशी शिंकली. दादा म्हणाला, "बांधतोच आहोत तर पाहुण्यांचीही सोय होईल." वहिनी बरं म्हणाली. ती सगळ्यालाच बरं म्हणते, आणि मग लोक डोक्यावर बसतात. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, नोकरीच्या गावी बसून फोनवरून उंटावरून शेळ्या हाकू लागला. डबल बेड हवा. कपाट हवं. बाथरूम आतच हवं. नकाशा काढणारा प्रत्येक वेळी मान डोलवायचा आणि टेबल थोडं आणखी कापायचा. शेवटच्या नकाशात ते भिंतीला चिकटलं होतं, लॅपटॉप मावेल एवढं. वर झोकात लिहिलं होतं, 'स्टुडिओ'.

"यावर काय, रुमाल कापू?" वहिनीनं विचारलं.

"मोठं घेऊ की, फोल्डिंगचं," दादा म्हणाला. "काम झालं की मिटायचं."

म्हणजे पुन्हा गोळा करणं आलंच! त्यावर मी दादाला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

नकाशा पक्का करायला भाचा सुट्टी काढून आला. वहिनीचा कागदावरच्या मापावर कधीच विश्वास नाही. गिऱ्हाइकानं खिडकीचं माप लिहून आणलं तरी ती टेप घेऊन स्वतः जाते. त्या सकाळी तिनं परसात चुन्याच्या फक्कीनं भिंती आखल्या, खऱ्या मापाच्या. बेडच्या जागी जुनी चादर अंथरली, बाथरूमच्या जागी दुसरी. कपाटाच्या जागी खुर्च्या मांडल्या. मग पडद्याच्या कापडाचं एक टोक मुलाच्या हातात दिलं.

"धर. एका खिडकीचं आहे. पसर बघू."

तो मागे सरकला तर बाथरूममध्ये गेला. बाजूला वळला तर बेडवर चढला. शेवटी खुर्चीला अडखळला आणि वैतागून म्हणाला, "अगं आई, जागाच नाहीये इथे!"

"तेच दाखवतेय," वहिनी म्हणाली.

ती बेडची चादर उचलायला वाकली आणि गुडघा अडकला. बापलेक बघत उभे, दगडासारखे. मी पुढे झाले तर तिनं माझा हात झटकला आणि एका हिसक्यात चादर ओढून काढली.

"बेड नाही. टेबल मधोमध. पाहुण्याला झोपायचं असेल तर त्यावर गादी घालू."

दादा हसला. त्याला तो विनोद वाटला. वहिनी हसली नाही, आणि पाया खणायला माणसं आली तेव्हा ती स्वतः फक्कीच्या रेघेवर जाऊन उभी राहिली, आणि नकाशातून बेड, कपाट, बाथरूम खोडेपर्यंत हलली नाही. मला इतकी वर्षं जे भांडून जमलं नाही, ते तिनं नुसतं उभं राहून केलं.

खोली झाली. पुढच्या सुट्टीत भाचा आणि त्याची बायको आली. सून शहाणी, ती माझ्या खोलीत झोपली. भाचा हट्टानं टेबलावर. सकाळी वहिनी कात्री घेऊन दारात हजर.

"ऊठ. कापड पसरायचंय."

तो कण्हतच उतरला. "केवढं उंच केलंयस हे! पडेन या भीतीनं डोळा लागला नाही माझा."

"मग आज खाली घाल अंथरूण," वहिनी म्हणाली. "माझा अर्धा जन्म खालीच गेला."

त्यानं फरशीकडे पाहिलं. मग तिच्या गुडघ्यांकडे. त्यानं गादी गुंडाळली. वहिनीनं कापड पसरलं आणि ताठ उभी राहून टेबलाभोवती फिरून खुणा करायला लागली.