तिच्या वाटचं मी बोलते

लग्न होऊन मी निमगाव सावाला आले तेव्हा मला सगळ्यात अवघड गेली ती संध्याकाळची प्रार्थना. खरं तर प्रार्थनेची मला लहानपणापासून सवय. मी पुण्याची, रविवारच्या शाळेत वचनं पाठ करून बक्षिसं मिळवलेली. पण माहेरी प्रार्थना वडील करत आणि आम्ही भावंडं 'आमेन' म्हणून मोकळी होत असू. सासरी तसं चालत नव्हतं. धारा काढून झाल्या, दिवे लागले की सासरे, सासूबाई, नवरा आणि मी पडवीत चटईवर बसायचो. सासरे पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचे आणि मग प्रत्येकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. सगळ्यात शेवटी मी. सासूबाई मान न उचलता सांगायच्या, "आता तुझा नंबर." दवाखान्यात पुकारतात तसं.

सासूबाईंना मी आत्या म्हणत असे. आत्यांची चार लेकरं, माझा नवरा सोडून बाकीची बाहेरगावी. आत्या शाळेत गेल्या नव्हत्या. माझी प्रार्थना 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' अशी सुरू व्हायची आणि ठरलेल्या वाटेनं शेवटापर्यंत जायची. आत्या देवाशी नुसत्या बोलायच्या. "बापा, हिरीचं पानी लई खाली गेलंय. शेजारच्या भाऊंची म्हईस चारा खात न्हाई, तिच्याकडं जरा बघ." एकदा तर मध्येच थांबून मला म्हणाल्या, "दूध उतू चाललंय का बघ गं," आणि मग जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू झाल्या. मला हसू आवरेना. नवऱ्यानं कोपरानं ढोसलं, तर तोही हसत होता.

गावात आमचं एकच ख्रिस्ती घर. रविवारी आळेफाट्याला एका दुकानामागच्या खोलीत उपासना व्हायची, सात-आठ कुटुंबांची. एरवी आमची मंडळी, आमचं चर्च म्हणजे ती पडवीच. आता मागं वळून पाहिलं की वाटतं, इतकं सुख पुन्हा कधी वाट्याला आलं नाही. तेव्हा मात्र मला डास चावायचे आणि सासऱ्यांचा उतारा कधी संपतोय याची मी वाट बघायची.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मला दिवस गेले. सातव्या महिन्यात एके सकाळी पोटातली हालचाल थांबल्यासारखी वाटली. नवरा मला घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी पोटावर मशीन फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मग माझ्याकडं न बघता नवऱ्याला बाहेर बोलावलं. मुलगी होती. मी दवाखान्यातच असताना नवऱ्यानं आणि सासऱ्यांनी तिला आमच्या शेताच्या कडेला मूठमाती दिली. खड्डा शेजारच्या भाऊंनी खणला.

घरी आले तर तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. ते कुणी सांगितलं नव्हतं मला, की असंही होतं. शेजारच्या भाऊंची बायको डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आली. तिनं आधीच साहित्य आणून ठेवलं होतं. दारात घुटमळली आणि म्हणाली, "बाळ न्हाई म्हणून काय झालं, बाळंतीण तर हायेस. खा." ती गेल्यावर मी तो डबा उघडून तिथंच उभ्यानं दोन लाडू खाल्ले आणि रडले.

मंडळीतली माणसं भेटायला आली. चांगली माणसं होती, काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलली. देवाची इच्छा. त्याची योजना आपल्याला कळत नाही. आत्या मात्र उठून आत चहा ठेवायला गेल्या.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा पुन्हा पडवीत बसले. तिघांच्या प्रार्थना झाल्या. 'तुझा नंबर' असं कुणी म्हणालं नाही. नवरा खाकरला. सासरे हळूच म्हणाले, "बोल पोरी, मन मोकळं व्हईल."

मी म्हणाले, "मला त्याच्याशी बोलायचं नाही."

त्या घरात असं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नसेल. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता आत्या उठून जातील.

आत्या म्हणाल्या, "नको बोलू. तू फकस्त बस. तुझ्या वाटचं मी बोलते."

आणि डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली, "बापा, हे माझं न्हाई, सुनंचं हाय. ती तुझ्यावर रागावलीय. तिनं लेकरासाठी टोपडी शिवली व्हती, ती पेटीत तशीच हायेत. मला काय सांगावं ते सुचत न्हाई. तूच सांग तिला. येशूच्या नावानं, आमेन."

वर्षभराहून जास्त काळ हे चाललं. स्वतःची प्रार्थना झाली की आत्या एक श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आता सुनंचं." कधी ते एवढंच असायचं, "आज ती नीट जेवली न्हाई." कधी, "आज गोठ्यात ती हसली. तुला बी दिसलं असंल." दिवसभर त्या माझ्याकडं इतकं बघत असतील असं मला वाटलं नव्हतं. चारचौघांत आपलं दुःख कुणी बोलून दाखवलं तर मला राग यायचा, पण याचा कधी आला नाही. उलट संध्याकाळ झाली की बरं वाटायचं. मला काही करायचं नव्हतं, फक्त बसायचं होतं.

आळेफाट्याला उपासनेत प्रभुभोजनाची भाकर माझ्यापर्यंत आली की मी न घेताच ताट पुढं सरकवायची. उपासना घेणाऱ्या पाळकसाहेबांच्या ते लक्षात आलं. एका रविवारी त्यांनी दारात नवऱ्याला विचारलं, तर आत्याच मध्ये पडल्या. "पाळकसाहेब, तिला राहू द्या. तिचं घरून पोचतंय."

दुसऱ्या उन्हाळ्यात कांद्याची काढणी होती. मजूर मिळेनात म्हणून आम्ही चौघंही दिवसभर शेतात. संध्याकाळी आत्यांनी कशीबशी स्वतःची प्रार्थना उरकली, भिंतीला डोकं टेकलं आणि त्यांची हनुवटी छातीवर गेली. 'आता सुनंचं' म्हणायला कुणी नव्हतं. सासऱ्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. शेजारच्या घरातून मालिकेतलं रडणं ऐकू येत होतं.

"बापा," मी म्हणाले. हा शब्द माझा नव्हता, आत्यांचा होता. "आत्या दमल्यात. त्यांचे गुडघे दुखतात. अर्धा कांदा निघाला. आमेन."

"आमेन," आत्या म्हणाल्या. डोळे मिटलेलेच. त्या झोपल्या होत्या की नाही, ते मला आजही ठाऊक नाही.

पुढं आम्हाला मूल झालं नाही. बक्षिसं मिळवणारा माझा तो जुना विश्वासही परत आला नाही. आता आहे तो कमी बोलतो, पण रोज बसतो.

आत्या जाऊन तीन वर्षं झाली. त्या जाण्याआधीच्या थंडीत मी अंगणात कोवळ्या उन्हात त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होते. त्या एकदम म्हणाल्या, "त्या वक्ताला मी तुझ्या नावानं काय काय बोलले. राग न्हाई ना?"

"नाही. पण एक राहून गेलं."

"काय?"

"मी देवावर रागावले होते ते तुम्ही सांगितलंत. मी तुमच्यावरही रागावले होते, आत्या. तुमची चारही लेकरं जगली म्हणून."



"ते ठावं व्हतं मला," त्या म्हणाल्या. "ते मी मनातल्या मनात सांगत व्हते." आणि त्यांनी दुसरा गुडघा पुढं केला.